लॅपटॉप तापतो, वेग कोण आवळतो?

सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक प्रयोग चित्रित केला. संगणकावर ‘क्वेक ३’ हा खेळ चालू ठेवायचा आणि प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, पंख्यासकट उचलून बाजूला करायचा. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला आणि चिप कायमची गेली. इंटेलचा पेंटियम ३ जागच्या जागी अडकला, पण वाचला. पेंटियम ४ ने मात्र खेळ बंद पडू दिला नाही. चित्र रखडत, अडखळत का होईना, पुढे सरकत राहिले आणि हीटसिंक परत बसवल्यावर यंत्र पुन्हा पळू लागले.

पेंटियम ४ ने त्या वेळी जे केले, ते आज प्रत्येक प्रोसेसर करतो. तापमान ठरलेल्या मर्यादेला टेकले की तो आपला वेग स्वतःच खाली आणतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. म्हणजे भर कामात प्रोसेसर नव्वदीत गेला आणि वेग थोडा उतरला, तर यंत्र बिघडलेले नसते. ते स्वतःला सांभाळत असते.

तक्रारीला खरी जागा आहे ती पुढच्या प्रकारात. प्रोसेसर तापलेला नाही, तरी वेग आवळलेला आहे. किंवा तापला आहे, पण मर्यादेच्या बराच आधी त्याला रोखले आहे. त्याहून वाईट म्हणजे हा निर्णय कोणी घेतला, हे मालकाला कळतच नाही.

हा विषय आत्ता निघण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणाऱ्या कितीतरी लॅपटॉपवर आता लिनक्सचे उबंटू, मिंट किंवा फेडोरा हे एखादे वितरण चढते आहे. रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणारे विद्यार्थी, छोटी कार्यालये, घरातले जुने यंत्र मुलांना देणारे पालक, असे अनेक जण पहिल्यांदाच लिनक्सकडे वळत आहेत. आणि पाठोपाठ ठरलेले वाक्य ऐकू येते: लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉप तापतो.

या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि बरीच गल्लत. तथ्य एवढेच की काही यंत्रे लिनक्सवर खरोखर वेगळी वागतात. पण त्यामागचे कारण बऱ्याचदा लिनक्समध्ये नसून कंपनीने बंद ठेवलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या आज्ञावलीत असते, आणि ग्राहकाने बोट दाखवायचे तर तिकडे दाखवायला हवे.

आधी उष्णतेचा हिशेब. चिपमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी वीज खातात, ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत गेले की व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवता येते, आणि म्हणून चिपच्या एका चौरस मिलिमीटरमागे निघणारी उष्णता तेवढीच राहते. तीसेक वर्षे हे गणित जमले. २००५ च्या आगेमागे ते मोडले: ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र पूर्वीसारखे उतरेना. तेव्हापासून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. कोर वाढवायचे, आणि वेग थोडा वेळच खूप वर न्यायचा. यालाच टर्बो म्हणतात.

लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेला आकडा असतो तो या टर्बोचा. इंटेलचा कोअर आय७-१२५५यू घ्या. त्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्‌झ. इंटेलच्याच तपशिलानुसार त्याची मूळ विजेची मर्यादा १५ वॅट आणि टर्बोची ५५ वॅट. या दोन आकड्यांत साडेतीन पटींहून अधिक अंतर आहे. बोटाएवढ्या जाडीच्या डब्यातला एक पंखा आणि एक तांब्याची नळी ५५ वॅट फार वेळ बाहेर फेकू शकत नाही. काही सेकंद जोरात पळायचे आणि मग १५ ते २५ वॅटच्या आसपास स्थिर व्हायचे, हेच त्या यंत्राचे खरे आयुष्य. हा ‘स्थिर’ आकडा नेमका किती, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. तो खोक्यावर क्वचितच असतो. म्हणून एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप अर्ध्या तासाच्या कामात एकमेकांपासून बरेच लांब पडू शकतात.

आता लेनोवोच्या थिंकपॅडची गोष्ट. या वादातले हे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

२०१८ मध्ये टी४८०, टी४८०एस आणि एक्स१ कार्बनची सहावी पिढी बाजारात आली. इंटेलच्या आठव्या पिढीने १५ वॅटच्या प्रोसेसरांत दोनाऐवजी चार कोर आणले होते, त्यामुळे ही यंत्रे प्रोग्रामरांना फार आवडली. लिनक्सवाल्यांमध्ये थिंकपॅडचा दबदबा तसाही जुनाच. पण त्यांच्या लक्षात आले की तेच यंत्र विंडोजवर ९० अंशांच्या वर जाईपर्यंत पळते आणि लिनक्सवर ८० अंशांना टेकताच वेग टाकते. यंत्र तेच, पंखा तोच, प्रोसेसरही तोच. फरक होता तो एका संवादाचा. विंडोजवर इंटेलचा तापमान सांभाळणारा ड्रायव्हर, डीपीटीएफ, फर्मवेअरशी बोलून मर्यादा वर नेत असे. लिनक्सवर असा संवाद होत नव्हता. विचारायला कोणी आलेच नाही म्हणून फर्मवेअर आपली सर्वांत कडक मर्यादा धरून बसे.

एका प्रोग्रामरने यावर एक छोटी आज्ञावली लिहिली. सुरुवातीला ती लेनोवोच्या नावाने ओळखली जाई, पुढे तिचे नाव ‘थ्रॉटल्ड’ झाले. ती प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ अंशांवर आणि विजेची मर्यादा ४४ वॅटवर नेऊन ठेवे. बॅटरीवर असताना ८५ अंश आणि २९ वॅट. पण हे एकदा लिहून भागत नव्हते. लॅपटॉपमधला एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे पंखा, बॅटरी आणि कीबोर्ड सांभाळणारी छोटी चिप, ते आकडे पुन्हा पुन्हा मूळपदावर आणत असे. म्हणून आज्ञावलीला दर पाच सेकंदांनी तेच आकडे नव्याने लिहावे लागत. विकत घेतलेल्या यंत्राच्या आत मालकाची आज्ञावली आणि कंपनीचा कंट्रोलर यांची दिवसभर ही ओढाताण चाले. २०१९ मध्ये लेनोवोने ही अडचण मान्य करून फर्मवेअर दुरुस्त करायला घेतले.

मूळ प्रश्न मात्र एका कंपनीचा नव्हता. कोणता सेन्सर किती तापला की किती वॅट कापायचे, याचे तक्ते लॅपटॉप कंपन्या फर्मवेअरमध्ये भरून ठेवतात. ते वाचण्याची रीत इंटेलने लिनक्ससाठी उघड केली नव्हती. इंटेलची ‘थर्मलडी’ नावाची मुक्त सेवा लिनक्सवर होती, पण या तक्त्यांतले काही काढायचे तर इंटेलचेच एक बंद स्वरूपातले साधन वापरावे लागे. २०२० मध्ये लिनक्सच्या जगात नावाजलेले प्रोग्रामर मॅथ्यू गॅरेट यांनी त्या तक्त्यांची रचना उलट बाजूने उलगडली आणि ती वाचणारा कोड लिहिला. पुढे थर्मलडीच्या २.० आवृत्तीत ही सोय आली. ज्या यंत्राचे पैसे ग्राहकाने मोजले आहेत, त्या यंत्राचे तापमानाचे नियम वाचायला एका माणसाला कोडे सोडवावे लागले.

हे फक्त लिनक्सच्या वाट्याला येते असेही नाही. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलचा कोअर आय९ प्रोसेसरचा नवा मॅकबुक प्रो आला. यूट्यूबवर लॅपटॉपची परीक्षणे करणारे डेव्ह ली यांनी दाखवले की, व्हिडिओवर प्रक्रिया करताना तो आपल्या २.९ गिगाहर्ट्‌झच्या मूळ वेगाच्याही खाली घसरतो. त्यांनी तो चक्क फ्रीझरमध्ये ठेवला, तेव्हा सुमारे ३९ मिनिटांचे काम २७ मिनिटांत झाले. आठवड्याभरात अ‍ॅपलने खुलासा केला की तापमान सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या फर्मवेअरमधली एक डिजिटल किल्ली राहून गेली होती, आणि दुरुस्तीही दिली. यंत्र अ‍ॅपलचे, कार्यप्रणाली अ‍ॅपलची, तरी चूक शिरलीच. ती लवकर सुटली, कारण दोन्ही टोके एकाच घरात होती आणि गवगवा मोठा झाला होता. लिनक्स वापरणाऱ्याच्या मागे एवढा गवगवा नसतो.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. प्रोसेसर १०० अंश सोसतो, माणसाची मांडी सोसत नाही. २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. रोज कित्येक तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार डाग उठले होते. शेकोटीजवळ सतत बसणाऱ्यांच्या पायांवर उठतात तसेच हे डाग. म्हणून लेनोवोच्या काही थिंकपॅडमध्ये सेन्सर बसवलेले असतात. यंत्र मांडीवर आहे असे वाटले की फर्मवेअर विजेची मर्यादा उतरवते, टेबलावर ठेवले की वाढवते. व्यवस्था समंजस आहे. पण ती आहे हे मालकाला ठाऊक हवे. लिनक्समध्ये आता थिंकपॅडचा ड्रायव्हर ही अवस्था उघड दाखवतो. ज्याला हे माहीत नाही, तो पलंगावर बसून अर्धा दिवस भलत्याच ठिकाणी बिघाड शोधेल.

बिघाड शोधायच्या बाबतीत लिनक्स वापरणाऱ्याच्या हाती मात्र चांगली साधने आहेत, आणि ती फुकट आहेत. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तापमान सांगते. ‘टर्बोस्टॅट’ प्रत्येक कोरचा वेग, तापमान आणि प्रोसेसर किती वॅट खातो ते एका तक्त्यात दाखवते. ‘एस-टुई’ हेच आलेखात मांडते, आणि ‘स्ट्रेस-एनजी’ने प्रोसेसरला मुद्दाम राबवता येते. शिवाय इंटेलच्या प्रोसेसरांवर कोणत्या कोरने तापमानामुळे किती वेळा वेग आवळला, याची मोजणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच ठेवतो. दहा मिनिटे पूर्ण भार टाकून हे आकडे शेजारी शेजारी पाहिले की बहुतेक यंत्रांचे दुखणे तीनपैकी एका गटात बसते.

पहिला गट सरळ आहे: तापमान ९५ ते १०० अंशांवर चिकटलेले आणि वेग हळूहळू उतरणारा. इथे उष्णता खरोखर बाहेर जात नाहीये. दुसऱ्या गटात तापमान ८० किंवा त्याच्याही खाली एका आकड्यावर थांबते, वॅटचा आकडाही एका जागी अडतो आणि वेग तिथेच बांधला जातो. हे काम धोरणाचे: फर्मवेअरचे, थर्मलडीचे, नाहीतर वीज वाचवणाऱ्या सेवेचे. तिसरा गट सर्वांत चक्रावणारा. तापमान ५० अंश, पंखा शांत, आणि प्रोसेसर ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्‌झवर अडकलेला. माउसचा बाणसुद्धा रेंगाळतो.

या तिसऱ्या गटात प्रोसेसरला बाहेरून कोणीतरी ‘थांब’ म्हणत असते. इंटेलच्या प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक तार असते. प्रोसेसर तापला की तो या तारेवर इशारा देतो. दुतर्फा व्यवस्थेत मात्र मदरबोर्डवरचे इतर भागही, उदाहरणार्थ वीज पुरवणारे किंवा चार्जिंगचे सर्किट, याच तारेवरून प्रोसेसरला हळू व्हायला सांगू शकतात. एखादा सेन्सर बिघडला की हा इशारा अडकून राहतो. चार्जर हेही नेहमीचे कारण. डेलच्या अनेक लॅपटॉपांच्या अडॅप्टरमध्ये पिनमधून ओळख पाठवणारी तार असते. ती तुटली किंवा स्वस्तातला दुसरा चार्जर लावला, की यंत्र अडॅप्टर ओळखत नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेगही आवळला जातो. अशा वेळी नवी कार्यप्रणाली टाकण्यात, हीटसिंकखालची पेस्ट बदलण्यात पैसा आणि वेळ फुकट जातो. आधी मूळ चार्जर लावून पाहावा, मग चार्जर काढून फक्त बॅटरीवर. दोन्हींत वेग वेगळा निघाला तर उत्तर मिळाले. प्रॉकहॉटचा बाहेरचा इशारा आज्ञा देऊन बंद करण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सर्रास मिळतात. इशारा खोटा आहे याची खात्री नसताना ती युक्ती वापरणे म्हणजे यंत्राचे एक संरक्षण आपल्या हाताने काढून टाकणे.

पहिल्या गटासाठी स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आज्ञावली नाही. पंखा हवा फेकतो त्या बारीक पात्यांच्या जाळीवर आतल्या बाजूने धूळ, केस आणि कपड्यांच्या तंतूंची गादी जमते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती नुसतीच हलते, निघत नाही. मागचे झाकण उघडून, पंखा फिरू नये म्हणून बोटाने धरून ती काढावी लागते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते किंवा कडेला सरकते. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवायचे आणि पेस्ट दहा वर्षांपूर्वीचीच ठेवायची, मग तापण्याचा दोष लिनक्सला द्यायचा, याला काय म्हणावे?

आणि उन्हाळा. मॅकबुक आणि थिंकपॅडसह बऱ्याच लॅपटॉपांच्या तपशिलात वापरासाठी भोवतालचे तापमान कमाल ३५ अंश दिलेले असते. चंद्रपूर, नागपूर, अकोला इथला मे महिना हा आकडा रोज ओलांडतो. पारा ४५ च्या घरात जातो. पंखा खोलीतलीच हवा ओढून प्रोसेसरची उष्णता घालवतो, म्हणून महत्त्वाचे असते ते प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातले अंतर. खोली २८ अंशांवर असेल तर १०० अंशांपर्यंत ७२ अंशांची जागा उरते; खोली ४४ अंशांवर असेल तर ५६ अंशांची. ढोबळ हिशेबाने त्याच हीटसिंकमधून निघणारी उष्णता एक पंचमांशाहून अधिक घटली. पुण्यात जानेवारीत उत्तम चाललेला लॅपटॉप विदर्भात मे महिन्यात रखडतो, त्यात कार्यप्रणालीचा काही संबंध नाही.

मग लिनक्सचा दोष कुठेच नाही? आहे, आणि तो मान्य करायला हवा. वीज वाचवण्याच्या सेवांची खोगीरभरती हा पहिला. उबंटूत थर्मलडी आधीपासून असते, डेस्कटॉपच्या वेगवान-समतोल-बचत या पर्यायांमागे पॉवर-प्रोफाइल्स-डेमन असतो, त्यावर कोणीतरी सुचवले म्हणून टीएलपी टाकलेले असते आणि आणखी कोणी सांगितले म्हणून ऑटो-सीपीयूफ्रेक. तिघे-चौघे एकाच वेळी एकाच प्रोसेसरला वेगवेगळे हुकूम देतात. यातली एक व्यवस्था ठेवावी, बाकीच्या काढाव्यात. दुसरा दोष व्हिडिओचा. ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची सोय फायरफॉक्समध्ये लिनक्सवर इंटेलच्या चिपसाठी आपोआप चालू झाली ती ११५ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये. त्याआधी, आणि ड्रायव्हर नीट नसेल तर आजही, हे काम प्रोसेसरवर पडते. नुसते एक व्याख्यान ऐकत बसले तरी पंखा घोंघावू लागतो. तिसरा दोष वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा: काम नसतानाही ते झोपी गेले नाही तर त्याची उष्णता प्रोसेसरच्याच नळीतून बाहेर पडते.

या सगळ्यावर एक उपाय फार स्वस्त आहे, आणि तो नेटाने सुचवायला हवा. वर सांगितलेले व्होल्टेजच्या वर्गाचे गणित इथे मालकाच्या बाजूने काम करते. वेग १० टक्के उतरवला आणि त्याबरोबर व्होल्टेजही १० टक्के उतरले, तर उघडझापीची वीज जवळजवळ २७ टक्के घटते. लिनक्समध्ये टर्बो बंद करायला किंवा कमाल वेगाला मर्यादा घालायला एक ओळ पुरते. मराठीत पत्र टाइप करणे, हिशेबाच्या फाइली, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग या कामांत तो फरक फारसा जाणवत नाही. मांडी आणि पंखा, दोघांना मात्र तो लगेच जाणवतो.

वेग तसाच ठेवून फक्त व्होल्टेज थोडे उतरवणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हा याहून सफाईदार मार्ग होता. डिसेंबर २०१९ मध्ये तो अनेकांसाठी बंद झाला. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. व्होल्टेज नेमके तेवढे उतरवून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक घडवायची आणि गुपिते काढून घ्यायची, अशी ती करामत. इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोस या फर्मवेअरमधून व्होल्टेज बदलण्याची वाटच बंद केली. त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ हे सुरक्षेचे बंधन आले. सिक्युअर बूट चालू असताना बऱ्याच वितरणांत ते लागू होते, आणि मग प्रोसेसरच्या नोंदींमध्ये थेट लिहिता येत नाही. त्यामुळे ‘थ्रॉटल्ड’सारखी साधनेही तिथे अडतात. हे लॉकडाउन लिनक्समध्ये आणण्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत गॅरेटही होते, ज्यांनी पुढच्याच वर्षी तापमानाचे बंद तक्ते उलगडले. यात विसंगती नाही. दारे सुरक्षित करायची असतील तर किल्ली कोणाकडे आहे हे अधिकच महत्त्वाचे होते, आणि आज ती किल्ली मालकाकडे नाही. प्लंडरव्होल्टचा धोका मुख्यतः त्या सुरक्षित कप्प्याचा वापर करणाऱ्यांना होता. घरच्या लॅपटॉपच्या मालकाला बायोसमध्ये ‘धोका समजून घेऊन चालू करा’ असा पर्याय ठेवता आला असता. अनेक कंपन्यांनी तो ठेवला नाही.

‘लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी कंपन्यांनी एवढा खटाटोप का करावा’ असा प्रतिवाद होतो. २०२० मध्ये लेनोवोने फेडोरा आधीच भरलेला एक्स१ कार्बन विकायला काढला. त्यानंतर त्यांचेच अभियंते थिंकपॅडच्या ड्रायव्हरमध्ये मांडीचा सेन्सर, वेग-बचतीचे पर्याय अशा गोष्टी लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये उघडपणे जोडू लागले. फर्मवेअरच्या दुरुस्त्या एलव्हीएफएस या सामाईक सेवेवर येतात आणि ‘एफडब्ल्यूअपडी’ने विंडोजशिवाय चढवता येतात. त्याच्या दोन वर्षे आधी जे वापरणाऱ्याला दर पाच सेकंदांनी झगडून मिळवावे लागत होते, ते कंपनीने मनावर घेतल्यावर रीतसर होऊ लागले. विक्रीचा संबंध आला की खटाटोप परवडतो, एवढाच याचा अर्थ.

भारतात हा दबाव आणण्याची ताकद एकेकट्या ग्राहकाकडे कमी आणि संस्थांकडे जास्त आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. झाकण उघडून पंखा साफ केला म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ नये, हा मुद्दा त्या चर्चेत ठासून मांडता येईल. त्याहून जवळचा मार्ग खरेदीचा आहे. महाविद्यालये, जिल्हा परिषदा, विद्यापीठे लॅपटॉप घेतात ते निविदा काढून किंवा सरकारच्या जेम या ऑनलाइन बाजारातून. त्यांच्या अटींमध्ये प्रोसेसरची पिढी, रॅम आणि टर्बोचा वेग असतो. त्यात चार ओळी वाढवायला खर्च येत नाही. ४० अंशांच्या खोलीत अर्धा तास पूर्ण भारावर यंत्र किती वॅट आणि किती वेग टिकवते, हे कंपनीने लेखी द्यावे. तापमानाचे तक्ते लिनक्सला वाचता येतील असे उघड असावेत. फर्मवेअरच्या दुरुस्त्या विंडोजशिवाय चढवता याव्यात. पंखा आणि पेस्ट स्थानिक तंत्रज्ञाने बदलली तरी वॉरंटी टिकावी. नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयाने पुढच्या खरेदीत पहिली अट जरी घातली, तरी उत्तर देताना कंपन्यांना खोक्यावरच्या टर्बोच्या आकड्याशेजारी दुसरा, खरा आकडा लिहावा लागेल.